वरून खाली उतरणारे फोटो

“फोन तिकडं चालत न्हाई म्हंजे? मग मी जातच न्हाई. ऱ्हाऊ द्या ती टूर!”

मन्मथअप्पांनी पासपोर्टची पिशवी काउंटरवर आपटली आणि खुर्चीत मागे रेलून बसले. शेजारी त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी काय बोलले ते त्यांना ऐकू गेलं नव्हतं. पण काहीतरी फिसकटलंय एवढं त्या आपटण्यावरून त्यांना कळलं होतं.

मी तेव्हा माजलगावला एका मोबाइल कंपनीच्या दुकानात कामाला होते. ‘दुकान म्हणू नको, स्टोअर म्हण,’ असं आमचे बोराडे साहेब सांगायचे. साहेब औरंगाबादहून बदलून आलेले. भर उन्हातही टाय सोडायचे नाहीत. इनकमिंग फुकट झालं होतं आणि जिथं धड एसटी पोचत नव्हती अशा गावांतही टॉवर उभे राहत होते. सिम विकायचं, रिचार्ज मारायचं आणि ‘रेंज कावून न्हाई’ ह्या प्रश्नाला दिवसभर हसतमुखानं उत्तर द्यायचं, हे माझं काम. त्यातलं हसतमुख मला कधी जमलं नाही.

अप्पांचं दिंद्रुडला कृषी सेवा केंद्र होतं. बियाणं, खतं, फवारणीची औषधं. एका बियाणे कंपनीनं चांगला माल खपवणाऱ्या डीलर लोकांना मलेशियाची टूर दिली होती, त्यात अप्पांचा नंबर लागला होता. आमच्या भागातून ते आणि उमापूरचे एक सुदामराव, दोघंच. अख्ख्या दिंद्रुडात बातमी झाली होती. आता जात नाही म्हणणं म्हणजे नाचक्की.

“शोभा, आयएसडीचं कॉलिंग कार्ड दे आणि मोकळी हो,” साहेब आतून ओरडले.

“कार्डाचं काय लोणचं घालायचं, साहेब? काकूंना ऐकू येत नाही.”

साहेब बाहेर आले. काकूंकडे बघून उगीचच मोठ्यानं “नमस्कार!” म्हणाले. लोक असंच करतात, का कुणास ठाऊक.

काकूंचं ऐकणं लहानपणी तापात गेलेलं. बोलणंही त्याबरोबर विरत गेलं. लग्नानंतर नवरा-बायकोनं हातांची एक भाषा घरातल्या घरात तयार केली, ती शाळेत शिकवतात तसली नव्हती. नाकाला पदर लावला की फवारणीचं औषध. चिमूट चोळली की बियाणं. तळहात उताणा करून हलवला की हे गिऱ्हाईक नुसता भाव विचारून जाणार आहे. दुकानात दोघं शेजारी बसायचे आणि दिवसभर हातांनी गप्पा चालायच्या. मी एकदा बियाणं घ्यायला वडिलांसोबत गेले होते तेव्हा ते बघत बसले आणि पिशवी तिथंच विसरून आले. एवढ्या वर्षांच्या संसारात दोघं एक दिवस वेगळे राहिले नव्हते.

“हिचं म्हननं एकच हाय,” अप्पा म्हणाले. “रोज तोंड दिसलं पायजे. मला शुगर हाय ना. मी फोनवर ‘बरा हाय’ म्हणीन, पन हिला काय ऐकू येनार? हिला बगायलाच पायजे.”

काकूंनी स्वतःच्या चेहऱ्याभोवती बोटानं गोल काढला आणि तळहातावर टिचकी मारली. चेहरा, रोज. ते मलाही समजलं.

आता अडचण काय होती ते सांगते. आपलं सिम परदेशात चालवणं म्हणजे रोमिंग. आपलं सिम परक्याच्या टॉवरवर पाहुणं म्हणून राहतं. आमच्या प्रीपेडला तिकडे पाहुणचारच नव्हता. पोस्टपेडवाल्यांना मिळायचं, तेही बोलण्यापुरतं. अप्पांना लागणार होता डेटा, म्हणजे फोनमधलं इंटरनेट. तेव्हा आम्ही त्याला जीपीआरएस म्हणायचो आणि गिऱ्हाईकाला नीट सांगता आलं नाही की ‘वायरलेस सुविधा’ म्हणून वेळ मारून न्यायचो.

“एक रस्ता आहे,” मी म्हणाले. “तिकडे उतरल्यावर विमानतळावरच तिथल्या कंपनीचं टुरिस्ट सिम मिळतं. प्रीपेड. पासपोर्ट दाखवायचा, इंटरनेट चालू करून द्या म्हणायचं. फोटो काढायचा आणि आमच्या स्टोअरच्या ईमेलवर पाठवायचा. काकू इथं येऊन कॉम्प्युटरवर बघतील.”

“आनि हिचं तोंड मला?”

“इथं वेबकॅम आहे. काकूंचा फोटो काढून मी तुम्हाला उलट पाठवीन.”

अप्पांनी ते सगळं हातांनी काकूंना सांगितलं. टॉवर कसा सांगितला ते आठवतंय, एक हात कोपरापासून उभा धरला आणि वर बोटं फडफडवली. काकू हसल्या. अप्पांनी पासपोर्टची पिशवी परत काखेत घेतली.

मग शिकवणी सुरू झाली. अप्पांनी आमच्याकडूनच कॅमेऱ्याचा फोन घेतला. सिम बदललं की फोनमध्ये ॲक्सेस पॉइंट भरावा लागतो, म्हणजे इंटरनेटचं दार कुठल्या गल्लीत आहे ते फोनला सांगावं लागतं. ते सुदामरावांच्या गळ्यात घातलं, कारण त्यांना इंग्रजी अक्षरं पटापट वाचता यायची. अप्पांना फक्त फोटो काढून पाठवायला शिकवलं. मराठी अक्षरं त्या फोनवर उमटत नव्हती, नुसते चौकोन दिसायचे. आणि इंग्रजीशी अप्पांचं वाकडं. त्यामुळे लिहून निरोप हा प्रकारच बाद झाला.

पहिला फोटो त्यांनी स्टोअरमध्येच काकूंचा काढला आणि पाठवला. आमची लाइन कूर्मगतीची. फोटो कॉम्प्युटरवर वरून खाली उघडायचा. आधी भिंत, मग केस, मग कपाळ, मग डोळे. कुणीतरी वरून सावकाश पडदा सोडतंय असं वाटायचं. अप्पा बघत राहिले.

“हितून हितं यायला एवढा येळ? कुठं गेलता मधी?”

“कुठं तरी सर्व्हरवर जाऊन आला, अप्पा.”

“फिरून आला म्हन की,” अप्पा म्हणाले, आणि काकूंना हातानं सांगितलं की तुझा फोटो आपल्याआधी परदेशात जाऊन आला.

अप्पा गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी काकू जीपनं माजलगावला आल्या. हातात कापडी पिशवी, पिशवीत डबा. माझ्या टेबलाशेजारी बसल्या. कापसाचा हंगाम होता. समोरच्या जिनिंग मिलकडे ट्रॅक्टर चालले होते आणि हवेत कापसाचे बारीक तंतू तरंगत होते. दार उघडं असलं की ते आत यायचे, पंख्याखाली घुटमळायचे, कॉम्प्युटरवर बसायचे. मी रोज फडकं मारून वैतागायचे. काकू मात्र त्यांच्याकडे तोंड वर करून बघत बसायच्या. त्यांच्या शेजारी बसलं की आपलंही बोलणं कमी व्हायचं. स्टोअर पाण्याखाली गेल्यासारखं वाटायचं.

फोटो आला. आधी चकचकीत छत उतरलं, मग काचा, मग अप्पांची पांढरी टोपी, मग अप्पा. मागे सिमचं काउंटर. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, प्रवासात थोडे पुसट झालेले. काकूंनी नीट बघितलं, डबा उघडला, जेवल्या आणि चारच्या जीपनं गेल्या. साहेब खूश. म्हणाले, “शोभा, ही केस मी रिव्ह्यू मीटिंगमध्ये सांगणार.”

त्याच्या दुसऱ्या दिवशी दुसरा फोटो आला, तो समुद्राचा. मी समुद्र तोवर पाहिला नव्हता. आधी नुसतं निळं उतरत राहिलं. एवढं निळं की मला वाटलं फोटो बिघडला. मग रेघ आली, मग फेस आला, आणि मध्ये धोतराचा सोगा धरून उभे अप्पा. मी तर हरखूनच गेले. “काकू, बघा, बघा!” असं तोंडानंच म्हणाले. गिऱ्हाईकंही गोळा झाली. एक जण म्हणाला, “अप्पा तर लई हिरो दिसायलेत बे!”

काकू समुद्र बघत नव्हत्या. त्या पुढे झुकल्या, पडद्यावर अप्पांच्या कपाळाला बोट लावलं. मग स्वतःच्या कपाळावर तीन बोटं आडवी फिरवली आणि हात झटकला. नाही.

“ऊन आहे, घाम आला असेल, पुसली असेल,” मी म्हणाले. घामाची खूण केली.

काकूंनी मान हलवली. तीन बोटं कपाळाला, मग तीच बोटं तोंडाकडे, घास घेतल्यासारखी. मग परत हात झटकला. पुन्हा तेच, जोरात.

आमच्या गल्लीत लिंगायतांची घरं होती म्हणून मला उलगडा झाला. सकाळी आंघोळ, मग गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा, कपाळाला विभूती, मगच तोंडात घास. जुन्या वळणाच्या माणसांचं हे मोडत नाही. कपाळ मोकळं म्हणजे पूजा झाली नाही. पूजा नाही म्हणजे अप्पा जेवले नाहीत. ही बाई फोटोत समुद्र सोडून नवऱ्याचं पोट बघत होती. आणि अप्पांना शुगर!

अप्पांचा तिकडचा नंबर आमच्याकडे नव्हता. घेतला नव्हता, कारण फोनवर बोलायचंच नव्हतं. मी कोऱ्या कागदावर स्केचपेननं मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘अप्पा, ताबडतोब फोन करा’, खाली स्टोअरचा नंबर. काकूंच्या हातात कागद दिला आणि वेबकॅमनं फोटो काढून पाठवला. काकूंनी चेहरा असा केला होता की कागद नसता तरी चाललं असतं.

आम्ही वाट बघत बसलो. काकूंनी त्या दिवशी डबा पिशवीतून काढलाच नाही.

फोन वाजला.

“हॅलो, शोभा का?” आवाज लांबून यायचा. मी बोलले की मध्ये थोडी पोकळी जायची, मग उत्तर.

“अप्पा, कपाळ मोकळं का?”

पोकळी.

“तिला दिसलं व्हय?”

“दिसलं. जेवलात का तुम्ही?”

अप्पांनी जेवणाचं टाळलं. मग अप्पा म्हणाले, “इभूती धरली बग इमानतळावर.”

“धरली म्हणजे?”

“काढून घेतली त्यांनी. मी ती पाकिटात भरलती.”

“कसल्या पाकिटात?”

“बुरशीनाशकाच्या. नवं कोरंच होतं गं, औषध न भरलेलं, कंपनीनं नमुन्याला दिलतं. चेन असती त्याला. लई मजबूत पाकीट.”

मी कपाळावर हात मारला. कृषी सेवा केंद्रवाल्यांच्या घरात सगळं त्याच पाकिटांत असतं. साखर, बडीशेप, खिळे, देवाची वात. त्यांना त्यात वावगं दिसतच नाही. पण त्या पाकिटावर विषाचा तांबडा त्रिकोण छापलेला असतो. आत पांढरी पूड.

“अप्पा, अहो, त्रिकोण!”

“आता कळलं मला. त्यानला लई सांगितलं. ‘गॉड पावडर, गॉड पावडर’ म्हनलो. त्यांनी आजून दोन मानसं बोलावली. हात लावायला रबरी मोजे घातले त्यांनी, आमच्या इभूतीला!”

एरवी मी खो-खो हसले असते. तेवढ्यात फोन सुदामरावांनी घेतला.

“ताई, ह्ये मानूस ऐकतच न्हाई बगा. उतरल्यापासून अन्नाचा कण न्हाई. मी काजू दिले, फळं दिली. पानी तेवढं पितेत. आनि वरून शुगरची गोळी घेतली सकाळी! आता म्हनायलेत, डोळ्यापुढं काजवे चमकायलेत.”

“गोळी घेतली? उपाशीपोटी? अक्कल गहाण टाकली का दोघांनी?” मी ओरडले. स्टोअरमधलं गिऱ्हाईक चपापलं. “पाणी चालतं ना त्यांना? मग पाण्यात साखर घाला आणि पाजा. पाणीच आहे म्हणावं. आत्ताच्या आत्ता!”

मागे चमचा वाजल्याचा आवाज आला. अप्पा कुरकुरत प्याले.

“आणि आता जेवून घ्या, अप्पा. एक दिवस नाही लावली तर देव रागावतो का?”

“देव न्हाई रागवत, पोरी,” अप्पा म्हणाले. आवाज थकला होता. “घास उतरत न्हाई. मी करून बगितलं. तोंडातच फिरतो. ऱ्हाऊ दे, आता परत यायचंच हाय. पडून ऱ्हातो खोलीवर.”

काकू माझा चेहरा वाचत होत्या. मी त्यांना जमेल तसं सांगितलं. पाकीट, त्रिकोण, विमान, उपास, चक्कर. त्रिकोण बोटांनी दाखवल्यावर त्यांनी डोळे मिटले. पाकीट कुठलं ते त्यांना बरोबर समजलं. मग पिशवीतला डबा काढून टेबलावर ठेवला, त्यावर पालथा हात ठेवला, आणि माझ्याकडे बघून रिसीव्हरकडे बोट केलं. सांग त्यांना.

“अप्पा, काकू म्हणतात, तुम्ही जेवल्याबिगर त्या जेवणार नाहीत. डबा पुढ्यात ठेवलाय.”



“तिला म्हनाव, येडेपना करू नको. तिला लगेच पित्त चढतंय.”

“तुम्हीच येऊन सांगा.”

“म्हातारी लई हट्टी हाय,” अप्पा म्हणाले. “काय करू मी आता? हितं कुठं इभूती घावनार?”

तेवढ्यात सुदामराव म्हणाले, “ताई, बॅलन्स कमी हाय असा मेसेज यायलाय.” मी म्हणाले, फोन ठेवा, बॅलन्स वाचवा, खोलीतच थांबा, मी फोटो पाठवते.

स्टोअरच्या भिंतीवर रिचार्जची कूपनं माळेसारखी टांगलेली होती आणि त्यातलं एकही तिकडच्या सिमला चालणार नव्हतं. दुसऱ्या देशाच्या प्रीपेडला माजलगावातून बॅलन्स मारता येत नाही. एवढी मोठी कंपनी, एवढे टॉवर, आणि मी नुसती हात चोळत होते. मला संताप आला.

“विभूती हवी ना?” बोराडे साहेब म्हणाले. ते केव्हाचे मागे उभे होते. “तिकडे तमिळ लोक आहेत की. पिढ्यान्‌पिढ्या राहतात. शंकराचं देऊळ असणारच. सर्च मार.”

मी मनातल्या मनात त्यांच्या टायला नमस्कार केला. पान उघडायला लागलं, वरून खाली. एक नाही, देवळंच देवळं होती. रंगीत गोपुरांची, मूर्तींनी गच्च भरलेली. मी तर बघतच राहिले. समुद्रापलीकडे, परक्या मुलखात, महादेव आपला बसलाय. साहेबांनी काकूंच्या पिशवीतल्या टूरच्या कागदावर हॉटेलचं नाव बघून त्यातल्या त्यात जवळचं देऊळ शोधलं. मग त्या देवळाचा फोटो घेतला, वर मोठ्या इंग्रजी अक्षरात नाव आणि पत्ता टाकला. अप्पांना काही वाचायचं नव्हतं. टॅक्सीवाल्यापुढे फोन धरायचा, बस्स. बॅलन्स पुरावा म्हणून फोटो इतका लहान केला की डाकेचं तिकीट झालं. सोबत काकूंचा एक, डब्यावर हात ठेवलेला. पाठवला.

आता आपल्या हातात काही नव्हतं.

लाइट गेली. लोडशेडिंग सुरू झालं, इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर तेवढा राहिला, पंखा बंद. कापसाचे तंतू आता उडेनात, सावकाश खाली यायला लागले. उन्हाची तिरीप दारातून आत आली होती आणि त्यात ते सोनेरी दिसत होते. गिऱ्हाईकं कमी झाली. मी खुर्चीत बसल्या बसल्या टॅक्सीत जाऊन बसले. काचेबाहेर उंच इमारती, पाट्यांवर न कळणारी अक्षरं, शेजारी धोतर आवरून बसलेले अप्पा, त्यांच्या हातात फोन आणि फोनवर डाकेच्या तिकिटाएवढं देऊळ. टॅक्सी वळतेय, सिग्नलला थांबतेय. मी बीड जिल्ह्याबाहेर फार तर परभणीला गेलेली बाई, पण त्या दुपारी मी सगळं शहर फिरले.

काकूंनी माझ्या हाताला हात लावला तेव्हा भानावर आले. मी काय बघतेय असं त्यांनी विचारलं. मी विमानाची खूण केली आणि विचारलं, तुम्हाला नाही का जावंसं वाटत?

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मग गालाखाली हात ठेवला, डोळे मिटले. झोप. मग कानाला बोट लावलं आणि हात फुलासारखा उघडला. मग वरच्या ओठावर बोट फिरवलं, ती अप्पांच्या मिशीची खूण. मला समजायला वेळ लागला. झोपेत मला ऐकू येतं. अप्पांचा आवाज ऐकू येतो.

लग्नाआधीच ऐकणं गेलेली बाई. तिनं तो आवाज जन्मात ऐकला नव्हता.

“कसा आहे?” मी विचारलं.

काकूंनी विचार केला. दोन्ही हात उचलले आणि सुपातून ज्वारी पोत्यात सोडावी तसे हळूहळू खाली आणले. मी नुकताच फोनवर ऐकला होता तो आवाज. खरखरीत, बसका. मला सांगावंसं वाटलं की असाच आहे, अगदी असाच. मान हलवली आणि डोळे पुसले. रडू का आलं ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं.

दिंद्रुडची शेवटची जीप भरायला लागली. ड्रायव्हर हॉर्न देत होता. मी काकूंना खूण केली, त्या ढिम्म हलल्या नाहीत. साहेबांनी स्वतः जाऊन ड्रायव्हरला थांबवलं. “कंपनीचं काम आहे,” असं सांगितलं. जीपमधले लोक खाली उतरून आमच्या दारात आले, कारण दिंद्रुडचीच माणसं होती आणि अप्पा कोण हे सगळ्यांना माहीत होतं. दारात गर्दी, आत अंधार, मध्ये कॉम्प्युटरचा उजेड.

मेल आली.

आधी रंग उतरले. निळा, गुलाबी, पिवळा, देवळाचं गोपूर. कुणीतरी मागून “हर हर” म्हणालं. मग नुसतीच भिंत. लाइन अडकली. इन्व्हर्टर कुंईकुंई करायला लागला, म्हणजे बॅटरी बसत आली होती. साहेब म्हणाले, “प्रिंटर काढ, स्पीकर काढ, सगळं काढ.” मी वायरी उपसल्या. फोटो पुढे सरकला. टोपी नव्हती, नुसते विरळ केस. मग कपाळ.

कपाळावर विभूतीचे पट्टे होते. आपल्याकडच्यासारखे नाजूक नव्हे, चांगले रुंद, भिंतीला चुना मारावा तसे. डोळे मिटलेले होते. मग नाक, मिशी, आणि मिशीखाली फुगलेला गाल. आणखी खाली केळीचं पान, त्यावर भात, आणि भातात अप्पांची बोटं.

अप्पांच्या तोंडात घास असताना फोटो काढला होता सुदामरावांनी. हे डोकं त्यांचंच. देव त्यांचं भलं करो.

दारात एकच गलका झाला. काकूंना तो ऐकू येत नव्हता. त्यांनी पडद्याजवळ तोंड नेलं, पट्टे बघितले, मग माझ्याकडे वळून हातानं सांगितलं की वाकडे लावलेत, दुसऱ्या कुणीतरी लावलेत. आणि खुदकन हसल्या. त्यांचं हसणं ऐकू येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

मग त्यांनी डबा उघडला. ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी. मी वेबकॅम त्यांच्याकडे वळवला. पहिला घास त्यांनी कॅमेऱ्याकडे बघत घेतला. पाठवला तो फोटो. तिकडे बॅलन्स उरला होता की नाही, तो पोचला की नाही, त्या संध्याकाळी कळायला मार्ग नव्हता. अर्धी भाकरी त्यांनी माझ्या हातावर ठेवली. आम्ही काउंटरवर उभ्याउभ्या जेवलो आणि जीपवाला हॉर्न न देता थांबला.

अप्पा धडधाकट परत आले. तिथल्या पुजाऱ्यानं त्यांना विभूतीचा गोळा बांधून दिला होता, केळीच्या पानात. येताना तो कुणीही अडवला नाही. काकूंचा फोटो त्यांना पोचला होता, सिम फेकायची वेळ आली तेव्हा शेवटच्या चिल्लर बॅलन्सवर. तो त्यांनी फोनमधून कधीच पुसला नाही. पुढे फोन बिघडला, त्यांनी नवा घेतला, पण जुना कपाटात ठेवून दिला, चार्जरसकट.

साहेबांनी केस मीटिंगमध्ये सांगितली. वरच्यांनी विचारलं, ह्यात आपल्या कंपनीचं सिम किती विकलं गेलं? एकही नाही, साहेब म्हणाले. विषय तिथंच संपला.

मी मात्र माझी पद्धत बदलली. परदेशी निघालेलं गिऱ्हाईक आलं की सिम, सेटिंग, बॅलन्स सगळं समजावून झाल्यावर मी एक जादा प्रश्न विचारायचे. सकाळी उठल्यावर कशावाचून तुमचं अडतं? माणसं आधी हसायची, ‘काही न्हाई, आपलं काय अडतंय’ म्हणायची. मी वाट बघायचे. खरं उत्तर बहुतेक वेळा शेजारच्या खुर्चीतून यायचं.